चिंता म्हणजे कर्तव्य नव्हे

२०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेतील सामान्य नागरिकाच्या मनावर एकाच वेळी किती ओझी येऊन पडली होती, हे आज आठवले तरी दडपायला होते. मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत करोनाने घेतलेल्या बळींची संख्या सुमारे २ लाख ३० हजारांवर गेली होती. १८ सप्टेंबरला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन झाले आणि सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या जागी कोण येणार, हा निवडणुकीचा प्रश्न झाला. २ ऑक्टोबरला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनाच करोनाची लागण झाल्याचे जाहीर झाले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पाहणीत ६८ टक्के प्रौढांनी निवडणूक हे आपल्यावरील ताणाचे मोठे कारण असल्याचे सांगितले. २०१६ मध्ये हेच प्रमाण ५२ टक्के होते. अशा दिवसांत लोकांनी घरी पाव भाजले, जुन्या मालिका पुन्हा पाहिल्या, विणकामाच्या सुया हाती घेतल्या, व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक बेटांवर फुलझाडे लावली. आणि त्यावरूनच एक वाद उभा राहिला. माणसे मरत असताना आणि लोकशाही पणाला लागलेली असताना मन रमवणे हा नागरिक म्हणून केलेला पळपुटेपणा नाही का, असे एका बाजूने विचारले गेले. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की प्रत्येकाने आधी स्वतःला सांभाळावे, बाकीचे नंतर.

हा वाद दोन्हीकडून चुकीच्या पायावर लढवला गेला, असे माझे मत आहे. पहिल्या बाजूने चिंतेलाच कर्तव्य मानले. जो जास्त अस्वस्थ तो जास्त जागरूक, असे समीकरण मांडले. दुसऱ्या बाजूने विरंगुळ्याला खासगी हक्क ठरवले आणि त्या हक्काचा सार्वजनिक जीवनाशी काही संबंध असू शकतो हे मनावरच घेतले नाही. माझे म्हणणे असे की साथीच्या आणि निवडणुकीच्या काळात मनाला विसावा देणे ही नागरिकत्वातून घेतलेली रजा नाही, ते नागरिकत्व पार पाडण्याच्या तयारीचाच भाग आहे. निवडणूक ही महिनोन्‌महिने चालणारी, कष्टाची आणि बरीचशी कंटाळवाणी प्रक्रिया असते. ती निभावायला जे मन लागते, ते अखंड घाबरलेले राहून तयार होत नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य केला पाहिजे. प्रजेला रमवून तिचे लक्ष उडवणे ही सत्तेची फार जुनी युक्ती आहे. धान्य आणि खेळ एवढे मिळाले की रोमन जनतेला राज्यकारभाराशी देणेघेणे उरत नाही, ही तक्रार कवी जुव्हेनलने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच करून ठेवली होती. नाझी जर्मनीचे उदाहरण याहून अंगावर येणारे आहे. त्या बारा वर्षांत तिथे निघालेल्या चित्रपटांपैकी बहुसंख्य चित्रपट उघड प्रचाराचे नव्हतेच. ते हलक्याफुलक्या कथांचे, गाण्यांचे, प्रेमप्रकरणांचे होते. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला करमणुकीची ताकद पुरेपूर ठाऊक होती आणि युद्ध जसजसे अंगाशी आले तसतसा त्याने तिच्यावर अधिकच भर दिला. हा इतिहास डोळ्यांसमोर असलेला माणूस मन रमवण्याकडे संशयाने पाहत असेल, तर त्याला दोष देता येत नाही. परंतु या उदाहरणांतून नेमके काय सिद्ध होते? रोममध्ये खेळ होते म्हणून प्रजासत्ताक गेले असे घडले नाही. जुव्हेनलच्या काळापर्यंत निवडणुकांतला जीव जाऊन शतक उलटले होते, आणि मत देण्याचा अधिकारच उरला नव्हता तिथे लोक रिंगणाकडे वळले. जर्मनीतही आधी वृत्तपत्रे, पक्ष आणि कामगार संघटना मोडण्यात आल्या आणि मगच करमणुकीने रिकामी जागा भरली. विरंगुळा घातक ठरतो तो कृतीची दारे बंद केलेली असतात तेव्हा. २०२० च्या अमेरिकेत ही दारे बंद नव्हती. काही ठिकाणी ती मुद्दाम अरुंद करण्यात आली होती, आणि म्हणूनच तिथून आत शिरण्यासाठी दम शिल्लक असणे गरजेचे होते.

दुसरा आक्षेप विषमतेचा आहे आणि तो मला अधिक टोचतो. घरी बसून कणीक भिजवायला वेळ कोणाला होता? मांस कारखान्यांत खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या कामगारांना नव्हता, किराणा दुकानांच्या गल्ल्यांवर बसणाऱ्यांना नव्हता, अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना तर नव्हताच. ज्यांची नोकरी गेली आणि घरभाडे थकले, त्यांना कोणी 'जरा मन दुसरीकडे वळवा' असा सल्ला देणे क्रूरपणाचे होते. हे सारे खरे आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. एखादी आवश्यक गोष्ट काहींनाच मिळते, तेव्हा ज्यांना ती मिळते त्यांनी ती टाकून द्यावी, असे आपण म्हणत नाही. शुद्ध पाणी सर्वांपर्यंत पोहोचत नाही म्हणून कोणी गढूळ पाणी प्यावे असा उपदेश करत नाही. नळ सगळीकडे पोहोचावा यासाठी भांडतो. परिचारिकेला विसावा नाही, ही तिच्यावर होणाऱ्या अन्यायाची बाब आहे. शेजाऱ्याने पुस्तक मिटून रात्रभर बातम्या पाहिल्याने तिचा एक तासही हलका होत नाही.

आणि रात्रभर बातम्या पाहून नेमके साधते काय? या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण साऱ्या वादाची गाठ इथे आहे. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या घटनेच्या बातम्या आणि दृश्ये पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणे नोंदवली. याचा अर्थ जे तिथे होते त्यांचे दुःख लहान होते, असा मुळीच नाही. याचा अर्थ एवढाच की सतत पाहत राहणे ही तटस्थ क्रिया नाही. ती पाहणाऱ्याला झिजवते, आणि या झिजण्यातून ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याला काहीच मिळत नाही. मतमोजणीचा आकडा दर दहा मिनिटांनी पाहिला म्हणून एकही मत वाढत नाही. रुग्णसंख्येचा आलेख मध्यरात्री पुन्हा उघडला म्हणून एकही रुग्ण बरा होत नाही. तरीही हे करताना माणसाला आपण काहीतरी करत आहोत असे वाटते, आणि धोका या वाटण्यात आहे. अस्वस्थता कृतीची जागा घेते. थकून झोपताना मन समाधान मानते की आज आपण देशाचा विचार केला.

त्या वर्षी देशाला हव्या असलेल्या गोष्टी अगदी ठोस होत्या. २०१८ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांवर काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते, म्हणजे साथीत ज्यांनी घराबाहेर पडणे सर्वांत धोक्याचे होते तेच. ७ एप्रिल २०२० रोजी विस्कॉन्सिन राज्यात प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीचे मतदान) झाली तेव्हा मिलवॉकी शहरात एरवीच्या सुमारे १८० केंद्रांऐवजी फक्त पाच केंद्रे उघडू शकली आणि मास्क लावलेल्या मतदारांच्या रांगा तासन्‌तास खोळंबल्या. नोव्हेंबरात हे पुन्हा घडू नये म्हणून तरुण माणसांनी केंद्रांवर काम करायला पुढे यायला हवे होते. टपालाने मत पाठवणाऱ्यांना मुदती समजावून सांगायच्या होत्या. कोणत्या राज्यात पाकिटावर साक्षीदाराची सही लागते, कुठे मतपत्रिका दुसऱ्या, गुप्ततेच्या पाकिटात घालावी लागते, हे सांगायचे होते. सही जुळली नाही म्हणून बाजूला पडलेली मतपत्रिका अनेक ठिकाणी ठरावीक दिवसांत दुरुस्त करून घेता येते. त्यासाठी मतदारांना एकेक करून फोन करावे लागतात. ही कामे करणाऱ्याला शांत आवाज लागतो, चिकाटी लागते, पलीकडून फोन आपटला गेला तरी पुढचा क्रमांक फिरवण्याची तयारी लागते. महिनाभर न झोपलेला, प्रत्येक मथळ्याने हादरलेला माणूस हे काम फार दिवस करू शकत नाही. रागाच्या भरात तो एक दिवस येतो आणि दुसऱ्या दिवशी गळून जातो.

कसोटीच्या काळातले शहाणे राज्यकर्ते हे ओळखून होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा, १५ जानेवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना पत्र लिहिले. युद्ध सुरू असताना सामने चालू ठेवावेत की नाही, असा प्रश्न होता. रूझवेल्ट यांचे उत्तर स्पष्ट होते: ते चालू राहणे देशाच्या हिताचे आहे, कारण आता लोक अधिक तास आणि अधिक कष्टाने काम करतील आणि म्हणूनच त्यांना कामाचा विसर पडेल असे काही क्षण पूर्वीपेक्षा जास्त लागतील. दिवसपाळीच्या कामगारांना पाहता यावेत म्हणून रात्रीचे सामने वाढवावेत, असेही त्यांनी सुचवले. पण त्याच पत्रात त्यांनी हेही लिहिले की ज्या खेळाडूंचे वय सैन्यात जाण्याचे आहे त्यांनी बेधडक सैन्यात जावे, मग संघांचा दर्जा खालावला तरी हरकत नाही. विरंगुळा आणि कर्तव्य यांच्या नात्याची इतकी स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे क्वचितच आढळली. तिकडे लंडनमध्ये, नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी हलवल्यावर ओस पडलेल्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग होते. बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत मैफली तळघरात हलल्या, पण थांबल्या नाहीत. साडेसहा वर्षांत त्यांची संख्या सतराशेच्या घरात गेली. त्या श्रोत्यांना युद्धाचा विसर पडला होता असे कोण म्हणेल? जेवणाच्या सुट्टीत तासभर संगीत ऐकून ते पुन्हा कचेरीत, रुग्णालयात, आगीच्या पहाऱ्यावर जात होते.

मताधिकाराच्या लढ्यात तर विसावा आणि कृती यांच्यात फट शोधूनही सापडत नाही. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय शेतमजूर फॅनी लू हेमर काही सोबत्यांसह एका जुन्या बसने इंडियनोला गावी मतदार नोंदणीसाठी गेल्या. नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या साक्षरता परीक्षेत त्यांना नापास करण्यात आले. परतताना पोलिसांनी बस अडवली. कारण असे सांगितले की बसचा रंग फार पिवळा आहे, ती शाळेच्या बससारखी दिसते. आतली माणसे भेदरून गेली होती, आणि ती भीती अनाठायी नव्हती. त्या वेळी हेमर यांनी चर्चमध्ये म्हटली जाणारी गाणी म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू बस गाऊ लागली. त्याच रात्री मळ्याच्या मालकाने त्यांना अठरा वर्षांच्या कामावरून आणि घरातून बाहेर काढले. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि जानेवारी १९६३ मध्ये उत्तीर्ण झाल्या. बसमधले ते गाणे पलायन होते का? जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा ती दळण टाळत नसते, हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको.

इथे दुसऱ्या बाजूचाही हिशेब केला पाहिजे, कारण तिने विरंगुळ्याचे भले केले नाही. 'स्वतःची काळजी घ्या' हे वाक्य २०२० मध्ये सुगंधी मेणबत्त्यांपासून महागड्या सायकलयंत्रांपर्यंत सगळ्यावर चिकटवून विकले गेले. त्याचा सूर असा होता की जग तुम्हाला छळत आहे, तेव्हा जगापासून दूर जा आणि त्यासाठी काही विकत घ्या. यातून दोन अनर्थ झाले. एक म्हणजे विसाव्याला खर्चाची अट लागली, आणि दुसरा असा की त्याला परतीची वाट राहिली नाही. 'मी राजकारण पाहणेच सोडले' हे वाक्य आरोग्याचे लक्षण म्हणून अभिमानाने बोलले जाऊ लागले. ज्याच्या आरोग्यविम्याचे, नागरिकत्वाच्या कागदांचे, मुलांच्या शाळेचे भवितव्य त्या मतपेटीत होते, त्याला राजकारण पाहणे सोडण्याची चैन नव्हती. आपण विसावा घेऊन कोठे परततो, हा प्रश्न ज्या सल्ल्यात नाही तो सल्ला अर्धवट आहे, आणि त्याच्यावर पहिल्या बाजूने केलेली टीका मला पूर्ण मान्य आहे.

मात्र त्या वर्षी प्रत्यक्षात जे घडले ते दोन्ही बाजूंच्या कल्पनेपेक्षा चांगले होते. ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर गोळ्या झाडल्यानंतर, २६ तारखेला मिलवॉकी बक्स संघाच्या बास्केटबॉल खेळाडूंनी सामना खेळायला नकार दिला. स्पर्धा पुन्हा सुरू करताना खेळाडूंनी आणि लीगने जो समझोता केला, त्यात संघांच्या मालकीच्या क्रीडागृहांमध्ये मतदानाची सोय करण्याचा निर्णय होता. प्रशस्त जागेत अंतर राखून रांगा लावता येतील हा त्यामागचा साधा विचार. २० ऑक्टोबरला अमेरिकी संसदेच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी एक ऑनलाइन खेळ थेट प्रक्षेपणात खेळला. एका वेळी चार लाखांहून अधिक लोक तो पाहत होते, आणि त्यांना मतदानाची योजना आखायला सांगितले जात होते. लांबलेल्या रांगांपाशी वादक आणि नर्तक जाऊन उभे राहिले, उभ्या असलेल्यांना कोणी खाऊ घातले. साथ असतानाही १५ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी मते दिली, त्यातील १० कोटींहून अधिक मते निवडणुकीच्या दिवसाआधी पडली, आणि मतदानाचे प्रमाण १९०० नंतरचे सर्वाधिक ठरले. करमणुकीमुळे मतदान वाढले, असा दावा मी करत नाही. टपाली मतदानाचे सुलभ झालेले नियम आणि निवडणुकीची चुरस ही कारणे उघड आहेत. पण ज्या वर्षी लोक घरोघरी इतके मन रमवत होते, त्याच वर्षी ते शंभर वर्षांत झाले नाहीत एवढ्या संख्येने मत द्यायला आले, एवढे सत्य 'विरंगुळा नागरिकाला निकामी करतो' या सिद्धान्ताला अडचणीत आणायला पुरेसे आहे.

३ नोव्हेंबरनंतरचे दिवस तर या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावेत असे आहेत. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजण्याआधी उघडायला कायद्याने परवानगी नव्हती, त्यामुळे मोजणी रेंगाळणार हे आधीपासून ठाऊक होते. ४ तारखेला डेट्रॉइटमध्ये मोजणी केंद्राच्या काचा बडवत जमाव 'मोजणी थांबवा' अशा घोषणा देत होता. आठवडेच्या आठवडे संतापाच्या बातम्यांवर पोसलेले ते मन होते, आणि त्याला जागरूकतेचा अभाव होता असे कोणी म्हणणार नाही. फिलाडेल्फियात मोजणी चालू असलेल्या सभागृहाबाहेर लोक गाणी लावून नाचत होते, प्रत्येक मत मोजले जावे अशी मागणी करत होते, आणि आत कर्मचारी पाकिटे उघडत होते. लोकशाहीला कोणता जमाव अधिक उपकारक होता? गांभीर्य चेहऱ्यावरून मोजायचे ठरवले तर उत्तर चुकेल.

साथीच्या बाबतीत एक आक्षेप निराळा आणि बिनतोड आहे: काही करमणूक थेट जीव घेते. गर्दीच्या मेजवान्या, बंदिस्त मद्यालये, मास्कविना समारंभ यांचे समर्थन कोणत्याही विसाव्याच्या नावाखाली होऊ शकत नाही, आणि निवडणुकीच्या आठवड्यात रोजच्या नव्या रुग्णांची संख्या एक लाखावर गेलेली असताना तर नाहीच. पण तिथे गुन्हा आनंदाचा नाही, संसर्गाचा आहे. २८ सप्टेंबर १९१८ रोजी फिलाडेल्फियात इन्फ्लुएन्झा पसरत असताना जवळपास दोन लाख लोक ज्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर जमले, ती मौजमजेची जत्रा नव्हती. युद्धकर्ज रोखे विकण्यासाठी काढलेली, देशकर्तव्याच्या भावनेने भारलेली ती मिरवणूक होती. काही दिवसांत शहरातील रुग्णालये भरून वाहू लागली. जून २०२० मध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथे बंद सभागृहात भरलेली ट्रम्प यांची प्रचारसभाही राजकारणाच्याच नावाने भरली होती. याउलट घरात बसून कोणी कोडी सोडवली किंवा फोनवर आजीला गोष्ट वाचून दाखवली, तर त्याने विषाणूला एकही नवे घर मिळत नव्हते. साथीच्या काळात कृत्याचे मोल ते गंभीर की हलके यावर ठरत नाही, त्याने कोणाला अपाय होतो यावर ठरते.

म्हणून या वादात खरोखर काही मागायचे असेल, तर लोकांनी अधिक काळजी करावी असे मागण्यात अर्थ नाही. मागायचे ते असे की ज्यांना विसावा मिळतच नाही त्यांना तो मिळावा. अमेरिकेत आजही पगारी आजारपणाच्या रजेची कायमस्वरूपी हमी देणारा, सर्वांना लागू असा केंद्रीय कायदा नाही. २०२० मध्ये आणलेली आणीबाणीची तरतूद त्या वर्षअखेरीस संपली. मतदानाचा दिवस मंगळवारी येतो आणि देशभर सार्वजनिक सुट्टी नसते. व्हर्जिनिया राज्याने २०२० मध्येच, यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या (कॉन्फेडरेट) दोन सेनापतींच्या नावाने चालत आलेली सुट्टी रद्द करून तिच्याऐवजी मतदानाच्या दिवसाला सुट्टी दिली. इतरांना ते अशक्य का असावे? ग्रंथालये बंद असताना त्यांच्या वाहनतळांवर बसून वायफाय वापरणारी मुले आणि बेरोजगार माणसे त्या वर्षी दिसत होती. तिथे अर्ज भरले जात, अभ्यास होत असे आणि चित्रपटही पाहिले जात. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा या साऱ्यालाच कात्री लागते. जॉर्जियात नोव्हेंबरातली सुमारे ५० लाख मते हाताने पुन्हा मोजली गेली आणि नंतर ५ जानेवारी २०२१ ला सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, ज्या दोन जागांवर कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नव्हती त्यांच्यासाठी तिथल्या मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. नाताळाच्या आठवड्यातही स्वयंसेवक दारोदार पत्रके अडकवत आणि फोन करत होते. ४० लाखांहून अधिक लोकांनी त्या फेरनिवडणुकीत मत दिले, आणि सिनेटचे बहुमत कोणाकडे जाणार हे त्या मतांवर ठरले.